न जोडलेली काळी वायर

आमच्या ग्रामदेवतेच्या जत्रेची लाइटिंग चाळीस वर्षं मी केली. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण फेज कुठली नि न्यूट्रल कुठली हे मला टेस्टर लावायच्या आधी कळतं. कोणी माझं काम परत तपासलेलं मला चालत नाही.

गेल्या वर्षी सुनेने कमिटीपुढे नवीन लाइटिंगची गोष्ट काढली. मुलगा जहाजावर, ती घरी. कणकवलीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. दिव्यांची एक पट्टी, तिच्यावरचा एकेक दिवा आपापला रंग बदलतो, देवळाच्या कौलांवरून लाट धावल्यासारखी दिसते, असं तिने मोबाइलवर दाखवलं. अध्यक्ष दोन ट्रॉलरांचा मालक. म्हणाला, "बग हां बाये. जत्रेच्या आदल्या सांजेक पेटली नाय तर मी कणकवलीचो मंडपवालो बोलवतलंय. मगे तुमच्या घराक ह्या काम परत नाय."

तिने शब्द दिला. शिडीवर चढायचं नि जोडण्या करायच्या मी, असं ठरलं.

या पट्टीला तीन वायरी. लाल-काळीतून वीज, हिरवीतून हुकूम. हुकूम देणारी पाटी काड्यापेटीएवढी, तिला सून कंट्रोलर म्हणते. पट्टीला पत्र्याच्या डब्यातला मोठा सप्लाय, पाटीला साधा मोबाइलचा चार्जर. सुनेने कागदावर सगळं काढून दिलं होतं. त्यात पाटीची एक काळी वायर नेऊन सप्लायच्या काळीला जोडलेली. ती बघून मी मनात हसलो.

मी ज्याच्या हाताखाली शिकलो त्या वायरमनचा एक कायदा होता: दोन घरच्या लायनींची सोयरीक लावायची नाही. वीज बोर्डाची लाइन वेगळी, जनरेटरची वेगळी. एका जत्रेत कोणीतरी दोन्हींचे न्यूट्रल एकत्र केले आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. तो हात मी पाहिलाय. इथेही वीज दोन घरची, सप्लायची नि चार्जरची, म्हणून ती काळी वायर मी जोडलीच नाही. सुनेला विचारलंही नाही. चौथीवाल्याने डिप्लोमावालीची चूक दुरुस्त केली, याचंच बरं वाटत होतं.

बटण दाबलं. लाट कसली! कुठे हिरवा, कुठे जांभळा, मधेच सगळं पांढरं, मग काळोख. तापातला माणूस बरळतो तसे दिवे बरळत होते.

सून लॅपटॉप घेऊन सभामंडपात बसली. पट्टीवर बाण असतो, हुकूम त्याच दिशेने जातो. तिने तो पाहिला, बरोबर होता. हिरवी वायर कापून लहान केली. पाटी बदलली. आपण लिहिलेला प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून वाचला. दोन दिवस ती जेवायलाही धड आली नाही.

"मामांनू, माझाच कायतरी चुकला आसा," ती म्हणाली. "तुमी जोडण्या सगळ्यो कागदाप्रमाणे केल्यात मा?"

"चाळीस वर्सां काय झक मारलंय?" मी ओरडलो. हे उत्तर नव्हतं, तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी ती घरी गेली तेव्हा मी पट्टी चालू करून एकटाच तिच्यापाशी बसलो. हिरव्या वायरीच्या उघड्या जोडाला सहज बोट लागलं आणि सगळे रंग पळाले. बोट काढलं, परत वेगळेच. मी बराच वेळ तोच खेळ केला. हुकूम हिरवीतून जात होता, पण परत यायची त्याची वाट, ती काळी वायर, मी जोडलीच नव्हती. म्हणून मिळेल ते धरत होता, माझं बोटसुद्धा. अरे, एका वायरीवर बल्ब पेटत नाही, हे तर मी पहिल्या दिवशी शिकलो होतो! आणि इथे होते पाच व्होल्ट. बोट लावलं तरी मुंगीसुद्धा चावली नाही. भाजलेल्या हाताचा कायदा मी खेळण्यातल्या विजेला लावून बसलो होतो.

पाटीची काळी वायर घेतली, सोलली, सप्लायच्या काळीला पीळ देऊन जोडली, टेप मारली.

सांजेला अध्यक्ष आला, चार माणसं आली. सुनेने बटण दाबलं. लाट कौलांच्या एका टोकापासून निघाली ती थेट दुसऱ्या टोकाला जाऊन परत फिरली. माणसं बघतच राहिली.

अध्यक्षाने माझ्या पाठीवर थाप मारली. "शेवटी जुनोच हात कामाक इलो! चेडवाक दोन दिवस गावला नाय, म्हाताऱ्यान एका दुपारात केला."

ती शाबासकी मी घेतली. हसलोसुद्धा. सुनेने वाकून जोडणी पाहिली आणि लॅपटॉप बंद केला.

घरी येताना वाटेत मी म्हटलं, "ती काळी वायर मीच जोडूक नव्हती."

"माका कळला हुता, तुमचो नवो पीळ बगल्यावर," ती म्हणाली. "तुमी सांगतास काय ता बगी हुतंय."

"आता सांगलंय मा?"

"माका सांगलात. माका बोल लागलो तो तेंच्यासमोर."

तिचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षाच्या अंगणात गेलो. तो मशेरी लावत होता. म्हटलं, "सुनेचा कायएक चुकूक नव्हता. तिना कागदार काढलेली वायर मी मुद्दाम जोडूक नाय. दोन दिवस ती माझ्यापायी बोल खाता."

"खंयची वायर?" तो थुंकून म्हणाला. "पेटली मा लाइट? झाला तर! बस, च्या घी."

त्याला काही पडलेली नव्हती. पण त्याची बायको आत चुलीपाशी होती, आणि तिच्या कानात पडलेलं दुपारच्या आत सगळ्या वाडीला कळतं. मी बसलो नाही. तेच पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, मोठ्याने.