लाल-काळ्या कॅप्सूल

भिसेगावात आमच्या आळीत विरजण मागावं तशा कॅप्सूल मागितल्या जात. कुणाचा खोकला बरा झाला की डॉक्टरांनी दिलेल्यातल्या चार-दोन उरत, त्या डबीत जात आणि पुढच्या तापाला शेजारी पोचत. या कामात मी आळीत सगळ्यांच्या पुढे. अन्न टाकत नाही तसं औषधही टाकायचं नाही, असं ठसक्यात सांगायची. आज त्या ठसक्याची लाज वाटते.

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला माझी किडनी बसवली होती. मुंबईच्या हॉस्पिटलात तीन महिने काढून घरी निघालो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हिची रोगाशी लढायची ताकद कमी होते. ताप आला तर मनानं काही देऊ नका. सरळ इकडे या." मी मान डोलावली होती.

श्रावणात एकदा तिचं अंग कोमट लागलं. जाऊबाई डबी घेऊन आली. "माझ्या उरल्यात, दे तिला. एवढ्याशा तापाला मुंबई कशाला गं?" मला तेच ऐकायचं होतं. दोन दिवसांत चार कॅप्सूल दिल्या. ताप गेला, पोर सागरगोटे खेळायला लागली. मी घरात फुशारकी मारली. पाचव्या दिवशी ती थंडीनं अशी कुडकुडली की खाट वाजायला लागली.

हॉस्पिटलात लघवी तपासायला घेतली. बाईंनी विचारलं, "घरी काही दिलं होतं?"

"नाय," मी म्हणाले.

लेक पडल्या पडल्या म्हणाली, "आये, लाल-काळं दिलं व्हतंस ना."

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. औषधांची नावं एकाखाली एक, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे 'आर'. "म्हणजे हे जंतू या औषधांना दाद देत नाहीत," बाई म्हणाल्या. "अर्धवट औषधानं कच्चे मरतात, चिवट मागे राहून वाढतात. तुमच्या चार गोळ्यांनीच झालं असं मी म्हणणार नाही." पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लागू पडेल असं एकच इंजेक्शन उरलं होतं. त्यानं जंतू मेले असते, पण किडनीलाही मार बसण्याची भीती होती. न द्यावं तर मुलगी हाती लागत नव्हती. मी सही केली.

किडनी चालतेय का ते बघायला रोज सकाळी सिस्टर तिची लघवी रेघांच्या भांड्यात मोजायच्या. मलाही त्या रेघा वाचता यायला लागल्या. दोन दिवस ठीक गेले, तिसऱ्या दिवशी निम्मीच भरली. मी सिस्टरना काही विचारलं नाही, मला उत्तर नको होतं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. लेक उठून बसली, भूक लागली म्हणाली, सुकट-भाकरी मागायला लागली. मला आनंदानं रडू आलं. सिस्टरनी भांडं माझ्यासमोर धरलं. खालची पहिली रेघही भिजली नव्हती.