टवका उडालेला शंख

डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळणारे नामाकाका या महिनाअखेरीस निवृत्त होतायत. एकतीस वर्षं बरण्या पुसल्या, फॉर्मॅलिनने डोळे जाळून घेतले. आता गुडघे गेलेत, आणि ‘दमलो रे’ हे शब्द श्वासासारखे तोंडातून निघतात.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत टेबलांवर नंबर टाकून शंख मांडतात आणि पोरांनी ओळखून नाव लिहायचं असतं. पण आम्ही शंख कधी ओळखलाच नाही. सात नंबरच्या शंखाच्या काठाला टवका उडालेला होता. टवका दिसला की ठरलेलं नाव लिहायचं, एवढंच सीनियर ज्युनियरला सांगून जायचे. मीही त्या टवक्यावरच पास झालोय, उगाच शहाणपणा कशाला दाखवू?

अकरा वर्षांपूर्वी परीक्षेच्या दोन दिवस आधी पुसताना काकांच्या हातून तो शंख पडला आणि त्याचे तुकडे झाले. मेमोच्या धास्तीने काका ओहोटीला कोपरच्या खाडीत उतरले, चिखलातून तसाच एक शंख शोधून आणला. घरी त्यांच्या बायकोने, मंजुळाकाकूंनी, तो उकडला, सुईने मांस ओढलं आणि म्हणाल्या, “अवो, ह्यो सरल निंगाला. पील नाय याला.”

खाडीत हे दोन शंख दिसायला जुळे भाऊ. एकाच्या आत मधल्या दांड्याला पीळ असतो, त्यामुळे मांस काढताना सुई फिरवावी लागते. दुसऱ्याचं सरळ येतं. हे कोपरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. घाईत काकांनी नख आत घालून पीळ लागतो का ते बघितलंच नव्हतं. पुन्हा खाडीत जायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी कानस घेऊन काठाला हुबेहूब टवका पाडला आणि चुकीचा शंख सात नंबरवर ठेवून दिला.

कोणाला काही कळलं नाही. मोठमोठे परीक्षकही टवकाच बघतात! मला या गोष्टीचा राग येतो, पण काकांना लाज वाटायची. पुढच्या वर्षी विभागप्रमुख मॅडमना सांगू, असं म्हणत अकरा वर्षं गेली.

यंदा त्यांची नात जागृती शेवटच्या वर्षाला होती. लहानपणापासून आजीशेजारी बसून सुईने मांस काढणारी पोर. काकांनी मनाशी ठरवलं, ही खरं नाव लिहिणार, तिचे मार्क कापले जाणार, मग मी जाऊन सगळं कबूल करीन. स्वतःसाठी जी हिंमत झाली नाही, ती नातीसाठी होईल असं त्यांना वाटलं.

परीक्षेच्या दिवशी ते दारात उभे होते. जागृतीने सात नंबरचा शंख उचलला, नख आत घातलं आणि थांबली. मान वर करून तिने आजोबांकडे बघितलं. मग खाली वाकून लिहिलं.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, “सातला काय लिहिलंस गं?”

“टवकेवाल्याचं नाव. सगळे लिहितात तेच.”

“नख घातलेलंस ना आत?”

“घातलेलं. पीळ नव्हता.”

“मग?”

“मग काय आजोबा? आजीने मला कधीच सांगितलेलं. खरं लिहिलं असतं तर चौकशी कोणाची झाली असती? तुझा एक महिना राहिलाय. जाऊ दे ना.”

त्या दिवशी काका जेवले नाहीत.

परवा मी लॅबमध्ये गेलो तेव्हा हे सगळं त्यांनी सांगितलं. माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं, “काका, आता नोकरी संपतेच आहे. सांगून टाका मॅडमना, मोकळे व्हा.”

ते सात नंबरचा शंख पुसत होते.

“कसं सांगू रे? पोरीला सातचे पूर्ण मार्क पडलेत. आता मी तोंड उघडलं तर ते जातील.”

त्यांनी शंख कपाटात ठेवला, टवका पुढे येईल असा.