झोपेची गोळी

हॅलोकाकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांच्या ओळखीतल्या कुणीही छातीठोकपणे सांगितलं असतं. आणि ते बरंचसं खरंही होतं. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या मुलाचा निकाल लटकला, ही बातमी काकूंना सकाळी कळली की दुपारपर्यंत पाण्याच्या टाकीपलीकडच्या घरांनाही कळायची. त्यात आवाज असा की शेजारी म्हणायचे, काकूंना फोन कशाला हवा, खिडकी उघडली की काम भागतं.

हा आवाज त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कमावला होता. उमेदीची सगळी वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांनी ट्रंक कॉल जोडले. त्यातली काही वर्षं परदेशी लाइनवर गेली. तिकडच्या ऑपरेटर बायकांशी बोलण्यापुरती परकी भाषा त्यांना यायची. "थांबा", "पुन्हा सांगा", "एकेक अक्षर सांगा", "लाइन सोडू नका" एवढ्या भांडवलावर त्यांनी कित्येकांची लग्नं ठरताना ऐकली होती आणि मोडतानाही. लाइनवर खरखर असली तरी समोरच्याला शब्द कळलाच पाहिजे, हा त्यांचा धर्म होता. कळला नाही तर तो पुन्हा सांगायचा, तरी नाही तर एकेक अक्षर सुटं करून सांगायचा. लाजायचं नाही.

असं असूनही एक शब्द काकूंनी लग्नापासून कधी घराबाहेर उच्चारला नव्हता. घरातसुद्धा नाही.

काकूंचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. माणूस गोगलगाय. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता, तेव्हा एके सकाळी स्वयंपाकघराच्या दारात मास्तर धाडकन कोसळले. हातपाय ताठ, डोळे फिरलेले, तोंडाला फेस. काकू किंचाळल्या. सासूबाईंनी आधी खिडक्या लावल्या आणि मग त्या मुलाच्या उशाशी येऊन बसल्या. "झोप नीट झाली नाही की होतं त्याला असं," त्या म्हणाल्या. "झोपेची गोळी चालू आहे. चारचौघांत बोलू नकोस हो. दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत माझ्या."

काकू काही दुधखुळ्या नव्हत्या. आपल्याला फसवलं हे त्यांना कळलं, आणि त्या तडक माहेरी निघून गेल्या. मागोमाग मास्तर आले. ओसरीवर उभं राहून, मान खाली घालून म्हणाले, "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. माझीच हिंमत झाली नाही." आजवर कुणी काकूंपुढे इतकं सरळ बोललं नव्हतं. त्या परत आल्या. अट एकच घातली, गोळी चुकवायची नाही. मास्तरांनीही एकच मागणं मागितलं, तो शब्द कुणाला कळू द्यायचा नाही. कळला असता तर मुलांच्या वर्गापुढे त्यांना कुणी उभं केलं नसतं, निदान त्यांना तसं वाटायचं.

दोघांनीही शब्द पाळला. मास्तर कधी स्कूटर शिकले नाहीत. "मला वेगाची आवड नाही," म्हणायचे. नदीत उतरले नाहीत. लेक झाली तेव्हा तिला उचलून जिना चढले नाहीत. लोक म्हणायचे, मास्तर जरा भित्रेच. मास्तर हसून सोडून द्यायचे आणि काकूंच्या काळजाला चरा पडायचा. पुढे डॉक्टरांनी नवी गोळी दिली. लेक पाळण्यात असताना जो झटका आला तो शेवटचा. लेक मोठी झाली, शिकली, लग्न करून परदेशी गेली. तिला एवढंच ठाऊक होतं, की बाबांना झोपेची गोळी लागते.

त्या लेकीला मुलगी झाली आणि दोघं विमानात बसले. इथे काकूंनी घोळ घातला. गोळ्यांच्या पाकिटावर नाव असतं. लेकीने किंवा जावयाने ते वाचलं तर? म्हणून त्यांनी सगळ्या गोळ्या पाकिटांतून फोडून एका काचेच्या बरणीत भरल्या, पाकिटं कचऱ्यात टाकली आणि डॉक्टरांची चिठ्ठी मुद्दाम घरी कपाटात ठेवली. परक्या विमानतळावर अधिकाऱ्याने बरणी वर धरली आणि विचारलं, हे काय? काकूंनी गालाखाली हात घेऊन डोळे मिटून दाखवलं. बिननावाच्या बरणीभर झोपेच्या गोळ्या घेऊन आलेली ही बाई पाहून अधिकाऱ्याच्या भुवया कपाळाला टेकल्या. बरणी गेली ती गेलीच. प्रवासापुरत्या म्हणून पर्समध्ये टाकलेल्या थोड्या गोळ्या तेवढ्या राहिल्या.

"मिळतील की इथे," काकू मास्तरांना म्हणाल्या. "औषधाची दुकानं काय फक्त आपल्याच गावात असतात?"

जावई मोठा गुणी. सासूबाईंनी नुसतं म्हणायचा अवकाश, संध्याकाळी तो कामावरून परस्पर औषधाच्या दुकानात गेला. येताना वाळलेल्या फुलांच्या गोळ्या, एक मऊ उशी आणि भरपूर ज्ञान घेऊन आला. "आई, इथे झोपेची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत. आणि तेच बरं. ती बाई म्हणाली, फार वाईट सवय असते. बाबा, आपण सोडवूया ती. रोज माझ्याबरोबर चालायला चला."

झालं. मास्तरांची सवय सोडवण्याचा चंगच बांधला लेक-जावयाने. सकाळ-संध्याकाळ टेकडीपर्यंत चालणं, झोपताना कोमट दूध, चहा बंद. मास्तर बिचारे दमून भागून आडवे व्हायचे आणि घोरायचे. सकाळी लेक टाळ्या पिटायची. "बघ आई! गोळीशिवाय कसे ढाराढूर झोपले! उगाच गोळीच्या आहारी गेले होते." काकू हो ला हो म्हणायच्या. पर्समधल्या गोळ्या मास्तर न्हाणीघरात लपून घेत होते, आणि त्याही आता संपत आल्या होत्या.

एका सकाळी शेवटची गोळी घेतली. त्या दिवसापासून मास्तरांनी नातीला हात लावला नाही.

आल्यापासून ते तिला खाली ठेवत नव्हते. अंगठ्याएवढ्या नाकाचं कौतुक करत खोलीभर फिरायचे. आता लेक तिला पुढे करायची आणि मास्तरांचे हात पाठीमागे जायचे. "नको, माझे हात गार आहेत." "नको, मला शिंक येतेय." खिडकीपाशी खुर्ची ओढून ते लांबून तिच्याकडे पाहत बसायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीच्या सहनशक्तीचा बांध फुटला.

"बाबा, खरं सांगा. नातू हवा होता का तुम्हाला?"

काकूंना वाटलं, धरणी दुभंगावी. हा माणूस त्या पोरीला आपल्या हातून इजा होऊ नये म्हणून तिच्यापासून लांब बसला होता, आणि त्याच्यावर हे बालंट! काकू ताडकन उठल्या. "चल गं. मला आत्ताच्या आत्ता त्या दुकानात घेऊन चल."

बाळाला बाबागाडीत घालून सगळे निघाले. दुकान चौकातच होतं. काचेचं दार, पांढऱ्याफटक दिव्यांची ओळ, काउंटरमागे पांढऱ्या कोटातली चष्मेवाली बाई आणि पुढे रांग. लेकीने नाखुशीनेच बोलायला सुरुवात केली. बाई मान हलवत होती. नाही म्हणायला तिला भाषा लागत नव्हती. मग तिने लेकीच्या खांद्यावरून मास्तरांकडे निरखून पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

"आई, ती विचारतेय, गोळी नाही घेतली तर बाबांना काय होतं?" लेक वैतागून म्हणाली. "आता काय सांगू हिला? झोप येत नाही, दुसरं काय होणार!"

काकूंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बाळाच्या गाडीचा दांडा धरून उभे होते. त्यांनी तो सोडला, दोन पावलं मागे सरले आणि काकूंकडे बघून हळूच मान हलवली. होकाराची.

"फिट येते," काकू म्हणाल्या.

"काय?"

"फिट येते तुझ्या बाबांना. लग्नाआधीपासून. झोपेची गोळी वगैरे काही नाही. फिटची गोळी आहे ती."

लेकीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. काकूंना तिच्यासाठी थांबायला सवड नव्हती. त्यांनी स्वतःच काउंटर गाठला आणि त्या बाईला तिच्या भाषेतला शब्द सांगितला, पण इतक्या वर्षांची सवय, शब्द ओठांतच पुटपुटला गेला. बाईने कानामागे हात नेला. पुन्हा सांगा.

ही खूण काकूंना चांगलीच ठाऊक होती. लाइनवर खरखर आहे, समोरच्याला ऐकू आलेलं नाही. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि समुद्रापलीकडे लागलेल्या ट्रंक कॉलवर बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "एपिलेप्सी! ई, एलिफंटमधला! पी, पेपरमधला! आय, इंकमधला!" शेवटच्या वायपर्यंत एकही अक्षर त्यांनी गाळलं नाही. मांडणीवरच्या बाटल्या थरथरल्या असं लेक पुढे शपथेवर सांगायची.

काकूंनी वळून रांगेकडे पाहिलं. आता लोक माना वळवतील, कुजबुजतील, मास्तरांपासून दूर सरकतील. रांगेतला एक जण टूथब्रश निवडत होता. एका म्हातारीने जांभई दिली. कुणालाही काहीही वाटलं नव्हतं! ज्या शब्दापायी त्यांच्या घराच्या खिडक्या लागल्या होत्या, तो या दुकानात भर दुपारी सुटा करून वाटला, तरी कुणाच्या खिजगणतीत नव्हता. काकूंना हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

काउंटरवरची बाई मात्र एकदम बदलली. चेहरा मऊ झाला, हात भराभर चालू लागले. तिने मास्तरांसाठी खुर्ची मागवली. शेवटची गोळी कधी घेतली ते विचारलं. ही गोळी अशी अचानक थांबवायची नसते, ती लेकीला म्हणाली, चिठ्ठी नसली तरी तुमच्या डॉक्टरांनी खात्री दिली तर थोड्या दिवसांच्या गोळ्या मी देऊ शकते. तेवढ्या दिवसांत इथल्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

"खात्री ना? थांबा," काकू म्हणाल्या. लेकीच्या हातातून त्यांनी फोन घेतला. डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. दवाखान्यातल्या मुलीने डॉक्टर पेशंट तपासताहेत म्हणून फोन ठेवायचा बेत केला, पण तिची गाठ कुणाशी होती! "लाइन सोडायची नाही," काकूंनी दम भरला. "परदेशी कॉल आहे." डॉक्टर आले. काकूंनी फोन काउंटरवरच्या बाईच्या कानाला लावला आणि दोघांचं बोलणं सुरू झाल्यावरच हात काढला. नाव, मात्रा, सगळं बाईने उतरवून घेतलं. आपल्याकडच्या गोळीचं नाव इथे वेगळंच होतं, आतलं औषध तेच. थोड्या वेळात पांढरी पुडी काउंटरवर आली. त्या पुडीवर औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. मास्तरांनी तिथेच, सगळ्यांदेखत, पाण्याबरोबर गोळी घेतली.

दुकानाबाहेर आल्यावर फुटपाथवर लेकीचा स्फोट झाला. "एवढी वर्षं मला सांगितलं नाहीत? मी तुम्हाला भित्रे समजत होते, बाबा! मैत्रिणींचे बाबा पोहायला न्यायचे, आणि मी तुमच्यावर रुसायचे. आणि आता मी तुम्हाला टेकडी चढवत होते, गोळी सोडा म्हणत होते. काही झालं असतं तर?" ती रडत होती आणि भांडतही होती. काकू म्हणाल्या, "भांड. हक्क आहे तुझा." मास्तर म्हणाले, "चूक माझी. तुझ्या आईचं तोंड मी शिवून ठेवलं होतं."

संध्याकाळी जावयाला सगळं कळलं. तो आधी ओशाळला, मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बाबा, झटका आला तर मी काय करायचं ते सांगा." असं मास्तरांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ते उठून उभे राहिले आणि वर्गात शिकवावं तसं शिकवू लागले. आसपासच्या वस्तू दूर करायच्या. डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं. कुशीवर वळवायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा घालायचा नाही. लवकर थांबलं नाही तर डॉक्टरांना बोलवायचं. जावयाला जमिनीवर झोपवून त्यांनी प्रात्यक्षिकसुद्धा करून दाखवलं. त्यांचा आवाज इतका मोकळा काकूंनी कधीच ऐकला नव्हता. आज आपला नवरा पहिल्यांदाच पूर्ण उंचीचा दिसतोय, असं त्यांना वाटलं, आणि त्या उघडउघड कौतुकाने बघत राहिल्या.

प्रात्यक्षिक संपलं तशी लेकीने जमिनीवर जाड गादी अंथरली. "बाबा, बसा इथे. भिंतीला टेकून."

मास्तर बसले. लेकीने बाळ उचलून आणलं.

"अगं, अजून नको," मास्तर घाबरून म्हणाले. "आत्ताच कुठे गोळी सुरू झालीय. चार दिवस जाऊ देत. तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की," लेक म्हणाली. तिने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली. "म्हणून तर इथे बसलेय."