स्टिअरिंगच्या दांड्यावरचा दोरा

मंडळी, मी सरदारसाहेबांच्या मोटारखान्यातला मिस्त्री; आज सकाळी उठलो आणि तिथल्या जुन्या मोटारीखाली शिरलो. स्टिअरिंगचा, पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा पार झिजला होता. नवा कधीचा आणून ठेवलेला. पण जुन्यावर माझ्या बायकोनं बांधलेला दोरा होता.

दर खंडेनवमीला मोटारीची पूजा झाली की ती दोरा बांधायची आणि म्हणायची, "दिवसभर कुठंही वळा, संध्याकाळी घराकडे वळा." गेल्या खंडेनवमीनंतर ती गेली. तेव्हापासून मी तोच दांडा आवळत होतो आणि रात्री मोटारखान्यातच पडत होतो.

ड्रायव्हर महादबा वाकून म्हणाला, "मास्तर, काल फूलबागेच्या वळणावर गाडी सीधी झाडावर निघाली होती. आत सरदारसाहेबांच्या आईसाहेब होत्या. वहिनींनी दोरा माणसं सांभाळायला बांधला की दांडा?"

मी पाना उचलला. दोरा सोडला, नवा दांडा बसवला, चाकं सरळ केली.

तुमच्याकडेही आहे का अशी एखादी गाठ, जी सोडायला हात धजत नाही?

दिवेलागणीला माधवगंजात घरी आलो. कुलूप काढलं, दोरा देवापाशी ठेवला आणि समई लावली.