बाण फक्त बाहेर

पेणच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. रोज रोह्याहून येते. दोन वर्षांपूर्वी पाठ्यपुस्तकं निवडायला आमच्या विभागप्रमुखांनी बैठक बोलावली. विषय दोन, प्रोग्रामिंगच्या भाषा आणि प्रोसेसरची रचना. त्यांनी पुस्तकं उघडली नाहीत, हातात घेऊन जोखली. भाषांचं पुस्तक तर मुखपृष्ठावरूनच ठरलं. कोलाडच्या हॉटेलांबाहेर पदार्थांची पाटी असते, तशी त्यावर भाषांची नावं होती. आत एकाही भाषेबद्दल चार धड वाक्यं नव्हती.

प्रोसेसरसाठी मी एक जाडं पुस्तक सुचवलं. त्यात मुलांकडून छोटासा प्रोसेसर पायरीपायरीनं रचून घेतला होता.

"एवढं कोण वाचतंय, मॅडम?" म्हणत सरांनी प्रश्नोत्तरांचं गाईड पुढे सरकवलं.

मी त्यातली मुख्य आकृती दाखवली. मेमरीतून बाण फक्त बाहेर येत होते, आत एकही जात नव्हता.

"सर, यात काही साठवताच येणार नाही."

"आपल्याला कुठं कारखाना काढायचाय? परीक्षेत आकृती काढायची हाय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. चहा आला होता ना!

गाईडच लागलं. वर्गात मी ती आकृती फळ्यावर काढली, तेव्हा गडबची एक मुलगी उठली. घरी भातशेती, शिकणारी घरातली पहिलीच.

"मॅडम, मग उत्तर ठेवायचं कुठं?"

मला एवढा आनंद झाला की तास संपल्यावर माझं जाडं पुस्तक मी तिच्या हातात दिलं.

चाचणीत तिनं बरोबर आकृती काढली. पेपर तपासायला सरांकडे होते, त्यांनी शून्य दिलं. मी भांडले, तर म्हणाले, "गाईडात असं नाय."

मग ती स्वतःच केबिनमध्ये गेली. मी दारात उभी.

"सर, तुमचा प्रोसेसर चालतो कसा, तेवढं सांगा. मग शून्य घेते."

सरांनी गाईड उघडलं, पान शोधलं, आकृती उलटसुलट धरून पाहिली. मग फोन कानाला लावला. तो वाजलाही नव्हता.

शून्य तसंच राहिलं. बाहेर आल्यावर ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती हसत होती.

"त्यांना नाय येत, मॅडम," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच समजत नाय."

सर यंदा विद्यापीठाच्या पुस्तक निवड समितीचे अध्यक्ष झालेत.