टिपमधून कापलेले पाच टक्के

मला बघायला पुण्याचं स्थळ आलं, ते अमरावतीतल्या एका एसी हॉटेलात. घरी नको, बाहेरच भेटू, असं मुलाच्या आईचं म्हणणं. स्थळ आणणाऱ्या मावशीनं अकोल्याहून निघतानाच आम्हाला दम भरला, "तिथं मले-तुले करू नका, नाहीतर हातचं स्थळ जाईल." मी कॉलेजात शिकवते, मला पुस्तकी बोलणं जमतं. मायला जमत नाही. म्हणून ती जेवणभर तोंडाला कुलूप लावून बसली. काही विचारलं की नुसती हसायची. मला ते हसू बघवत नव्हतं.

वाढायला माझ्या काकाच्या वयाचा माणूस होता. मुलानं पोळीला नको म्हटलं, तसा तो म्हणाला, "घ्या ना भाऊ! काहून लाजून राहिले?" आमच्याकडे पाहुण्याला असाच आग्रह करतात. मुलाचं मात्र तोंड वाकडं झालं.

बिल आलं. मुलानं मोबाइल काढला आणि मला समजावत बसला. टिप जीएसटी धरून काढायची नसते म्हणे, मूळ रकमेवर काढायची. सोळाशेचे दहा टक्के, एकशेसाठ. मग बिलावर नोटा ठेवत म्हणाला, "पण ह्याला पाचच टक्के. ऐंशी. काय ती भाषा! कळू दे जरा."

मायनं मान खाली घातली. झालं, माझं डोकं सणकलं.

"जेवण थंड होतं का?" मी विचारलं.

"नाही, जेवण छानच होतं."

"मंग बोलन्याचे पैसे काहून कापता? आमी घरी असंच बोलतो. माह्या मायनं आज तोंड उघडलं असतं, तं तिचे किती टक्के कापले असते तुमी?"

मावशीनं टेबलाखालून करकचून चिमटा काढला. काढू दे! मी पर्समधून ऐंशी रुपये काढले आणि त्याच्या ऐंशीवर ठेवले. स्थळ गेलं तर गेलं खड्ड्यात.

मुलाची आई मायकडे वळली. "अहो, मुलीला काही सांगा."

माय उठली, पदर सावरला.

"काय सांगू? मले आवडते तिचं बोलनं."