बारा पेरांचं वाक्य

बातमी वाचताना मन्मथप्पांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा जप करतोय. नांदेडच्या एका छोट्या दैनिकात मी मुखेडहून नुकतीच उमेदवारीला आले होते आणि अप्पा तिथले वृत्तसंपादक. मूळचे उदगीरचे, कपाळावर विभूती, बोलणं तोंडावर. माझी पहिलीच बातमी वाचताना त्यांचा अंगठा करंगळीपासून तर्जनीपर्यंत गेला, पुन्हा करंगळीवर आला आणि थांबला. "पोरी, हे वाक्य एका हातात मावंना झालंय. तोड."

तेव्हा कुठं कळलं, अप्पा शब्द मोजत होते. पेराला एक शब्द. चार बोटांची बारा पेरं संपायच्या आत पूर्णविराम यायला हवा. "आपला वाचणारा टपरीवर उभ्यानं वाचतो," ते म्हणायचे. "चहा निवायच्या आत त्याला समदं कळाया पाह्यजे."

मीही हट्टी. कॉम्प्युटरवर शब्द मोजले, वाक्यांची सरासरी काढली, आणि अख्खी बातमी आठ-आठ शब्दांच्या वाक्यांत बसवून ऐटीत त्यांच्यापुढं टाकली. अप्पांनी ती मोठ्यानं वाचली.

"सरासरी झकास हाय," म्हणाले. "पण ही बातमी हाय का शाळेतली कवायत? एखादं वाक्य आखूड ठेव, एखादं जरा लांबू दे. आकडा फकस्त दुखणं कुठं हाय ते दावतो. औषध कानानं द्यायचं असतं."

असा राग आला म्हणता! पण खोलीवर जाऊन मोठ्यानं वाचलं, तर माझं मलाच हसू फुटलं. अप्पा गेल्या वर्षी लिंगैक्य झाले. त्यांच्याइतक्या मायेनं माझं लिहिणं पुन्हा कुणी कापलं नाही.

त्यांची एक गोष्ट सांगायलाच हवी. एका पावसाळ्यात विष्णुपुरी धरणातून पाणी सोडण्याची सूचना एका कार्यालयाकडून आली. 'उपरोक्त', 'अन्वये', 'सबब' करत अख्खं पान म्हणजे एकच वाक्य! अप्पांचा अंगठा हातावर फेऱ्या मारून दमला.

"हे वाचून होईस्तोवर पाणी चुलीपाशी यील की!" त्यांनी स्वतःच लिहिलं : 'आज संध्याकाळी विष्णुपुरीचे दरवाजे उघडणार. नदीकाठी थांबू नका. गुरं दुपारच्या आत वर न्या.' पहिल्या पानावर, ठळक.

छापून आलं त्या दुपारीच काठावरच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "अप्पा, म्हशी वर आणल्या बघा. लई बेस केलं."

पण कार्यालयातले साहेब भडकले. सरकारी मजकुरात फेरफार केलाच कसा? खुलासा छापा, नाहीतर जाहिराती बंद. मालकांची पाचावर धारण बसली. अप्पांना म्हणाले, "उद्या खुलासा छापा, न्हाईतर राजीनामा द्या." अप्पांचं घर त्याच पगारावर चालायचं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"कामून रडून राहिलीस? बस टायपाला."

अप्पांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. 'उपरोक्त विषयान्वये प्रसिद्ध झालेल्या वृत्तातील शब्दयोजना मूळ सूचनेतील शब्दयोजनेशी तंतोतंत जुळत नसल्याचे निदर्शनास आणून देण्यात आल्याच्या अनुषंगाने...' वाक्य तोडायचं नावच नाही. त्या दिवशी अंगठा जागचा हलला नाही. कॉलमच्या तळाशी पोचल्यावर अप्पांनी शेवट सांगितला : '...सबब सूचना वेळेत कळून जनावरे वाचली, याबद्दल आम्हांस तिळमात्र खेद नाही.'

माझे हात थांबले. "अप्पा, साहेब वाचतील की हे!"

"शेवटाला पोचला तर वाचंल ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांचा फोन. अप्पा नुसते "हाव साहेब, हाव साहेब" म्हणत राहिले. मी दारात जीव मुठीत धरून उभी. फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आता कशी झकास भाषा लिहिलीत!" अप्पांचं पोट हसून हसून हलत होतं. "न्हाई पोचला, पोरी."